डॅशबोर्डमागचा पंखा

सोलापुरात गाडीतला हीटर कोणी हौसेने लावत नाही. मार्च उजाडला की पारा चाळिशीकडे सरकू लागतो, आणि मे महिन्यात त्रेचाळीस अंशांचं कोणाला अप्रूप राहत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला जाताना पहाटे अंगात स्वेटर असतो, तरी गाडीत गरम हवा हवीशी वाटण्याइतकी थंडी क्वचितच पडते. एवढं असूनही इथल्या वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्यांत एक भाग नेमका उन्हाळ्यात मान टाकतो, आणि थंड देशांतले लोक त्याला हीटरचा भाग म्हणूनच ओळखतात. तो भाग म्हणजे ब्लोअरची मोटर. हवा गरम हवी असो की गार, ती ढकलणारा पंखा गाडीत एकच असतो. तो थांबला की शिमल्याचा माणूस कुडकुडतो आणि सोलापूरचा घामाने निथळतो.

मारुती ८००, झेन यांसारख्या गाड्यांत डावीकडच्या सीटसमोर ग्लोव्ह बॉक्स असतो. त्याच्या मागे, थोडा खाली, काळ्या प्लास्टिकच्या डब्यात हा पंखा बसवलेला असतो. पुढच्या काचेखालच्या जाळीतून बाहेरची हवा किंवा गाडीतलीच हवा तो ओढतो आणि शेजारच्या एसीच्या कूलिंग कॉइलमधून पुढे लोटतो. त्यापुढे हीटरची कॉइल असते आणि शेवटी तोंडावर, पायांवर किंवा काचेवर हवा सोडणारे मार्ग. पंख्याला छताच्या पंख्यासारखी पाती नसतात. गोल पिंजऱ्याच्या परिघावर पातळ पट्ट्यांची रांग असते. हवा मधून आत शिरते आणि कडेने बाहेर फेकली जाते. अरुंद मार्गातून, कॉइलच्या दाट पत्र्यांमधून हवा दाबून न्यायची असल्याने हा पिंजराच इथे कामाचा.

गाडीत ऊब आणण्याच्या खटपटी गाडीच्याच वयाच्या आहेत. शिकागोच्या मार्गारेट विल्कॉक्स यांनी इंजिनाची वाया जाणारी उष्णता प्रवाशांपर्यंत आणण्याच्या कल्पनेचं पेटंट १८९३ मध्ये मिळवलं. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या नॅश कंपनीने बाहेरची हवा आत घेऊन, गाळून, गरम करून सोडणारी यंत्रणा आणली; पुढे ती ‘वेदर आय’ या नावाने ओळखली गेली. त्यानंतर पॅकार्डने १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच बसवलेला एसी दिला. तो अवाढव्य होता, डिकीची बरीच जागा खात असे, आणि त्याचा कॉम्प्रेसर बंद करायची सोयच नव्हती. एसी नको असेल तर बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवायचा. चालकाच्या हाती होता तो फक्त ब्लोअर. गरम आणि गार हवेची यंत्रणा एकाच डब्यात बसवून पुढच्या भागात मावेल इतकी आटोपशीर केली तीही नॅशनेच, १९५४ मध्ये. आज ग्लोव्ह बॉक्समागे जी रचना दिसते तिचं मूळ तिथे आहे.

भारतात हे सुख सर्वसामान्यांच्या गाडीत यायला बराच काळ गेला. सोलापूरच्या संदर्भात यात एक गंमत आहे. देशातल्या पहिल्या मोटार कारखान्यांपैकी एक, म्हणजे प्रीमियर ऑटोमोबाइल्स, उभारणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ चा. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फिएट आणि पद्मिनी बाहेर पडल्या, आणि सोलापूरच्या डॉक्टर-वकिलांच्या दारात त्या कित्येक वर्षं दिमाखात उभ्या राहिल्या. उन्हाळ्यावर त्यांचा उतारा साधा होता. पुढच्या दाराच्या काचेला लागून एक छोटी त्रिकोणी काच असे. ती उलटी वळवली की धावत्या गाडीत वारा थेट अंगावर येई. तिला मोटर नव्हती, फ्यूज नव्हता आणि गॅरेजची पायरीही नव्हती. अर्थात गाडी थांबली की वाराही थांबे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. १९८५ मध्ये सुब्रोस ही कंपनी जपानच्या डेन्सो आणि सुझुकी यांच्या भागीदारीत सुरू झाली आणि तिने मारुतीसाठी एसीची यंत्रणा बनवायला घेतली. मग हळूहळू एसी ही श्रीमंती न राहता गरज झाली आणि त्रिकोणी काच इतिहासजमा झाली. काचा बंद ठेवून जगण्याची सवय लागली, तेव्हा सगळा भार त्या डब्यातल्या पंख्यावर येऊन पडला.

हा भार किती, ते आकड्यांत पाहण्यासारखं आहे. पूर्ण वेगात फिरणारी अशी मोटर साधारण पंधरा अँपिअर करंट ओढते. बारा-साडेबारा व्होल्टवर हे गणित १८० वॉटच्या वर जातं. म्हणजे घरातल्या छताच्या दोन-तीन जुन्या पंख्यांइतकी वीज हा मुठीएवढा डबा खातो. सोलापूरहून पुण्याला जायचं तर चार-साडेचार तास तो सलग फिरतो. थंड देशात हीटरचा पंखा खालच्या वेगावर गुणगुणत असतो. इथे चार महिने तो शेवटच्या आकड्यावर असतो.

मोटर आतून सोपी आहे. बाहेरच्या कवचात दोन कायमचे चुंबक, मध्ये तारेच्या वेटोळ्यांचं आर्मेचर, आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्यूटेटर. त्यावर स्प्रिंगने दाबून धरलेले दोन कार्बन फिरत्या भागाला वीज पोचवतात. सुरुवातीच्या काळात या जागी तांब्याचे ब्रश वापरत. ते कम्यूटेटर ओरबाडून काढत आणि ठिणग्या उडवत. जॉर्ज फोर्ब्स या स्कॉटिश अभियंत्याने १८८५ मध्ये कार्बनचा पर्याय पुढे आणला आणि तो आजतागायत टिकला. कार्बन स्वतः झिजतो आणि तांब्याला वाचवतो. झिजणं हेच त्याचं काम.

म्हणूनच त्याचं मरण सावकाश येतं आणि आधी वर्दी देऊन येतं. कार्बन आखूड झाला की स्प्रिंगचा रेटा पुरत नाही आणि तो कम्यूटेटरला कधी टेकतो, कधी नाही. बटण फिरवल्यावर पंखा ढिम्म हलत नाही. गाडी खड्ड्यातून गेली किंवा शेजारच्याने ग्लोव्ह बॉक्सखाली एक थाप मारली की सुरू होतो. जुन्या गाड्यांच्या मालकांना ही थाप चांगली ठाऊक असते. काही जण तिच्यावर अख्खा उन्हाळा काढतात. शाफ्टचे बुश कोरडे पडले तर तऱ्हा वेगळी. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि मोटर तापली की तो विरतो. टकटक किंवा फडफड ऐकू आली तर पिंजऱ्यात काहीतरी अडकलं आहे असं समजावं. चिंचेखाली किंवा कडुनिंबाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत हे नेहमीचंच, कारण चिंचेचं पान काचेखालच्या जाळीतून सहज निसटण्याइतकं बारीक असतं. उंदरांनी डब्यात घर केलेलं असेल तर आवाजासोबत वासही येतो.

आता खास सोलापूरच्या गोष्टीकडे यायला हवं. जिल्हा अवर्षणप्रवण, पाऊस बेताचा, आणि काळ्या मातीचा फुफाटा उन्हाळाभर हवेत. त्यात हे कापडाचं गाव. १८७७ मध्ये इथे जुनी मिल सुरू झाली. गिरण्या बंद पडल्या तरी पूर्व भागातल्या यंत्रमागांवर चादरी आणि टॉवेल निघत राहिले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही आहे. माग चालतात तिथे सुताचा तंतू उडतो, आणि मागांच्या गल्लीत रोज उभी राहणारी गाडी तो श्वासाबरोबर आत घेते. जुन्या छोट्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत हवा गाळणारा केबिन फिल्टर मुळातच नव्हता. धूळ आणि तंतू पंख्यातून थेट कूलिंग कॉइलवर जाऊन आदळतात. कॉइल एसीमुळे ओली, म्हणून ते तिथेच चिकटतात. बऱ्याच वर्षांनी डबा उघडला की कॉइलच्या तोंडावरून चादरीचा तुकडा सोलावा तसा करडा थर निघतो.

या थरामुळे पुढे जे घडतं ते बहुतेक गाडीवाल्यांच्या लक्षात येत नाही. पिंजरा फिरतो, पण हवेला पुढे जायला वाट नसते. पंख्याचे वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर, म्हणजे तारेची छोटी वेटोळी, मुद्दाम याच हवेच्या झोतात बसवलेला असतो, कारण तो तापतो आणि त्याला गार ठेवायची दुसरी सोय नसते. एक साधं उदाहरण घ्या. सर्वांत कमी वेगावर चार अँपिअर करंट वाहतो आहे आणि वेटोळ्याचा रोध सव्वादोन ओहमच्या आसपास आहे. मग सुमारे पस्तीस वॉट उष्णता त्या इवल्याशा वेटोळ्यात तयार होते. हवा खेळती असेल तर ती वाहून जाते. हवा कोंडली की वेटोळं लालबुंद होतं. रेझिस्टरवर बसवलेला उष्णतेचा फ्यूज उडतो आणि गाडीत आग लागण्याऐवजी फक्त वेग जातात. पहिला, दुसरा, तिसरा आकडा मुका, आणि चौथ्यावर पंखा एकदम गर्जना करत सुरू, हे लक्षण दिसलं तर मोटरीला हातही लावायचा नाही. चौथ्या आकड्यावर वीज रेझिस्टरला वळसा घालून थेट मोटरला जाते. मोटर ठणठणीत आहे, रेझिस्टर गेलाय. तो मोटरीच्या मानाने बराच स्वस्त मिळतो आणि दोन स्क्रूंत निघतो. तरीही या लक्षणावर अख्खी मोटर बदलली जाते आणि पैसे देऊनही तीन आकडे मुकेच राहतात.

याहून मोठी फसगत एसीतल्या गॅसच्या नावाने होते. पंखा मंदावला की कॉइलवरून पुरेशी गरम हवा जात नाही. कॉइल शून्याखाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो. सुरुवातीची वीसेक मिनिटं गारेगार, मग हवा मरतुकडी होत जाते आणि नळदुर्ग येईपर्यंत एसी नावालाच उरतो. चहाला गाडी थांबते, बर्फ वितळतो, गाडीखाली पाण्याचं थारोळं साचतं आणि पुन्हा निघाल्यावर एसी मस्त चालतो. गॅरेजमध्ये गेल्यावर ठरलेलं निदान समोर येतं: “मालक, गॅस संपलाय.” गॅस संपत नसतो. तो बंद नळ्यांत फिरत राहतो, आणि कमी झाला असेल तर कुठेतरी गळतो. गळती न शोधता वर आणखी गॅस भरला तर कॉम्प्रेसरवरचा दाब वाढतो, इंजिनावरचा भार वाढतो, आणि पंखा होता तसाच मंद राहतो. गॅस कमी असल्यावर हवा जोरात येते पण गार नसते. पंखा किंवा कॉइल दोषी असेल तर हवा गार असते पण जोर नसतो. एवढा फरक सांगता आला तरी गॅरेजवाल्याशी बोलणं बदलतं.

मोटर खरोखरच गेली आहे का, हे ठरवायला टेस्ट लॅम्प किंवा साधा मल्टिमीटर पुरतो. आधी फ्यूज पाहायचा. मग मोटरचा कपलर न काढता, बटण शेवटच्या आकड्यावर ठेवून त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजायचा. तिथे बारा व्होल्ट पोचत असूनही मोटर हलत नसेल तर दोष मोटरीचाच. आठ-नऊच व्होल्ट येत असतील तर मधे कुठेतरी वीज अडते आहे: बटणात, रिलेत, अर्थिंगमध्ये किंवा खुद्द कपलरमध्ये. कपलरचं प्रकरण गंभीर असतं. त्याच्या पितळी पट्टीवर गंज धरून अवघा ०.२ ओहम रोध तयार झाला, तर पंधरा अँपिअरला तीन व्होल्ट तिथेच गडप होतात आणि पंचेचाळीस वॉट उष्णता प्लास्टिकच्या त्या तुकड्यात साठते. तो पिवळा पडतो, मग तपकिरी, मग वितळतो. झिजलेली, जड फिरणारी मोटर जास्त करंट ओढते आणि कपलर जाळते. जळका कपलर तसाच ठेवून नवी मोटर लावली की तिलाही अर्धपोटी वीज मिळते.

मोटर बदलण्याचं काम त्या मानाने सोपं आहे. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडायचं. ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली पाडायचा. काही गाड्यांत त्याचे स्क्रू काढावे लागतात. मग कपलर आणि मोटरीला गार हवा देणारी बारीक रबरी नळी काढायची. ही नळी परत लावायला विसरणारे बरेच असतात आणि मोटर पुन्हा लवकर जळते. डब्याला मोटर धरणारे स्क्रू बहुधा तीन असतात. ते सुटले की मोटर पिंजऱ्यासकट हातात येते. जागा अरुंद, मान वाकडी, घाम डोळ्यांत. सोलापुरात हे काम मे महिन्याच्या दुपारी करू नये.

पिंजऱ्यावर एक-दोन लहान धातूच्या क्लिपा दिसतील. कचरा समजून त्या उपटू नयेत. पिंजरा थरथरू नये म्हणून कारखान्यात तोल साधताना त्या लावलेल्या असतात. नवी मोटर पिंजऱ्याशिवाय आली असेल तर जुना पिंजरा स्वच्छ करून त्याच खोलीवर शाफ्टवर बसवायचा. एक-दोन मिलिमीटर वरखाली झालं की तो डब्याला घासतो. आणि मोटर बाहेर असताना जी भोकं उघडी पडतात त्यांतून आतली कॉइल दिसते. खरं काम तिथे आहे. नुसती मोटर बदलून डबा मिटवणं म्हणजे मूळ कारण आत कोंडून ठेवणं. थर काढायचा, कॉइल मऊ ब्रशने आणि पाण्याच्या हलक्या धारेने धुवायची, पाणी बाहेर सोडणारी नळी मोकळी आहे ना ते पाहायचं. ती तुंबली असेल तर पाणी डाव्या पायाखालच्या गालिच्यात मुरतं आणि गाडीला कुबट वास सुटतो.

नवी मोटर मूळ कंपनीची घ्यावी, बाजारातली घ्यावी, की जुनीच दुरुस्त करावी? हा प्रश्न सोलापुरात इतर शहरांपेक्षा अधिक खुला आहे, कारण दुरुस्तीचा हात या गावाला आहे. यंत्रमागांच्या मोटरी रिवाइंड करणारी दुकानं गल्लोगल्ली सापडतात. इथली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स देशोदेशीच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. आर्मेचर शाबूत असेल आणि फक्त कार्बन संपले असतील तर ते बदलून मोटर पुढे काही वर्षं चालते. मात्र मिक्सरचा कार्बन घासून लहान करून ठोकून देण्याचा जो जुगाड चालतो तो फसवा आहे. मिक्सर २३० व्होल्टवर चालतो आणि त्याचा कार्बन जास्त रोधाचा असतो. बारा व्होल्टच्या, जास्त करंटच्या मोटरींसाठी कार्बनमध्ये तांब्याची पूड मिसळलेली असते. रंगावरूनही कळतं, तांबूस झाक दिसते. मिक्सरचा कार्बन लावलेली मोटर फिरते खरी, पण ताकद कमी आणि ताप जास्त.

जुनी मोटर वाचवण्याचा हा सगळा खटाटोप जुनी गाडी वाचवण्याच्या हिशेबाचा भाग असतो. पंधरा वर्षं झालेल्या, सोलापूरच्या एमएच-१३ गाडीची नोंदणी तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. २०२२ च्या एप्रिलपासून त्याचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. एवढे पैसे भरून गाडी ठेवायचीच ठरली की पुढचा खर्च एसीवर निघतो, आणि तिथेच चुकीच्या भागावर पैसे जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

उरला तो बिचारा हीटर. त्याचा वाल्व जुना झाला की नव्वद अंशांचं इंजिनाचं पाणी सतत आत झिरपत राहतं आणि एसीची गार हवा शेजारीच कोमट होते. उपाय म्हणून कित्येक गाड्यांत इंजिनातून हीटरला जाणारे दोन्ही रबरी पाइप काढून परस्पर जोडून टाकतात. सोलापूरपुरतं ते खपतं. पण तुळजापूरच्या घाटात एसी लावून चढताना इंजिनाचा काटा लालकडे सरकला, तर एसी बंद करून हीटर आणि ब्लोअर पूर्ण वेगाने चालू करणं ही एक जुनी, खात्रीची युक्ती आहे. हीटरची कॉइल हा एक छोटा जादा रेडिएटरच असतो. अंग भाजतं, हेड गॅस्केट वाचतं. पाइप तोडून ठेवलेल्या गाडीत ही वाट बंद असते. पावसाळ्यात काचेवर आतून धुकं धरतं तेव्हाही एसीच्या जोडीला थोडी गरम हवा मिसळली की काच लवकर निवळते.

मोटर बसवल्यावर पहिल्यांदा कागदाचा कपटा हवेच्या मार्गासमोर धरून जोर पाहावा. सगळं नवं असून हवा मरगळलेली वाटली तर तारा उलट्या जोडल्या असण्याची शक्यता आहे. बाजारातल्या मोटरींचे कपलर कापून तारा पिळतात तेव्हा हे घडतं. पिंजरा उलटा फिरला तरी हवा मागे जात नाही. ती त्याच वाटेने पुढे येते, फक्त बरीच कमी. त्यामुळे चूक लवकर ध्यानात येत नाही आणि दोष पुन्हा गॅसच्या माथी जातो. तारा सरळ असतील तर ब्लोअर शेवटच्या आकड्यावर पंधरा मिनिटं चालवायचा, मग ग्लोव्ह बॉक्सखाली हात घालून कपलर चाचपायचा. कोमट लागला तर ठीक. चटका बसला तर कपलर बदलून घ्यायचा, मोटर कितीही नवी असली तरी.